चौदा नंबरचा गुडघा

मंगळवार, १७ जानेवारी १९५६

करवत हाडात अडकली. कुशाबाने मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली, मी पुन्हा ओढली, आणि बाहेर गोळीबार झाला. पहिल्या आवाजाला मी थांबलो. दुसऱ्याला थांबलो नाही.

"ओढा साहेब," कुशाबा म्हणाला. "ते त्यांचं काम करतायत, आपण आपलं."

दहा मिनिटांत गुडघ्याची वाटी आणि मांडीच्या हाडाचं खालचं टोक सुटं झालं. पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवला, कापूस भरला, वरून कातडी शिवली. बाहेरून गुडघा गुडघ्यासारखाच दिसतो. कुशाबा शवागारात बावीस वर्षं नोकरीला आहे, टाके माझ्यापेक्षा तो चांगले घालतो. पण माझे नमुने मीच शिवतो.

नमुना बारा. पुरुष, अंदाजे बावीस, उजवा पाय. गोळी कपाळात. पायांना काही नाही.

काल संध्याकाळी रेडिओवर जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. सकाळपासून परळ पेटलं आहे. रस्त्यावर दिव्याचे खांब आडवे पडलेत, टायर जळतायत. प्रयोगवहीत हे लिहिता येत नाही. म्हणून इथे.

मी भौतिकशास्त्राचा माणूस. डॉ. चिटणिसांनी दोन वर्षांपूर्वी मला या रुग्णालयात आणलं ते एका प्रश्नासाठी: संधिवाताच्या गुडघ्यातली कूर्चा निरोगी कूर्चेपेक्षा किती मऊ असते? कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचा पांढरा गुळगुळीत थर. दोन-तीन मिलिमीटर जाड. त्यावर माणूस जन्मभर उभा राहतो. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या तुकड्यावर मी पोलादाची बारीक कांडी टेकवतो, तिच्यावर दोनशे ग्रॅम वजन ठेवतो, आणि ती किती मिलिमीटर रुतली ते डायलवर वाचतो. एका सेकंदाला, पंधरा मिनिटांनी, मग वजन काढून अर्ध्या तासाने. निरोगी कूर्चा आधी अडून राहते. मग आतलं पाणी थोडं थोडं सोडत दबते, आणि वजन उचललं की ते पाणी परत ओढून घेते. खड्डा उरत नाही. संधिवाताची कूर्चा लगेच दबते, जास्त दबते, आणि खड्डा राहतो.

संधिवाताचे नमुने नऊ झाले. म्हातारी बेवारस प्रेतं, कापलेले पाय. निरोगी दोनच होते. तरुण माणूस मेला तर घरची माणसं तासाभरात नेतात. आज संचारबंदी आहे. कोणी येऊ शकत नाही.

"पाटकर," डॉक्टर म्हणाले, "असा आठवडा पुन्हा मिळणार नाही."

पुढच्या महिन्याच्या अखेरीस त्यांना मद्रासच्या परिषदेत निबंध वाचायचा आहे. निरोगी पाच तरी हवेत.

बुधवार, १८ जानेवारी

दुपारी पोलिसांची लॉरी प्रेतं घेऊन आली. वरच्यांना उतरवल्यावर खालच्यांतला एक जिवंत निघाला. त्याला स्ट्रेचरवर घेताना त्याने कुशाबाचं मनगट धरलं आणि सोडेना. बोटं एकेक करून उघडावी लागली. वॉर्डाच्या दारात तो गेला. कुशाबा त्याला परत घेऊन आला.

"येऊन जाऊन इथंच," तो म्हणाला.

अंगठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर पोलीस वय लिहितात. नाव असलं तर नाव. मी नाव उतरवून घेत नाही. वय, लिंग, कोणता पाय, एवढंच. डॉक्टरांचा नियम सोपा आहे: तिशीच्या आत तो निरोगी.

नमुना तेरा. पुरुष, एकोणीस, डावा.

नमुना चौदा. पुरुष, सव्वीस, उजवा. डिलाईल रोड. गोळी पाठीत, बाहेर पडलेली नाही.

चौदाचा गुडघा कापायला त्रास झाला. वाकेना. कुशाबा म्हणाला, "हा लई ताठ आहे."

"मेल्यावर सगळेच ताठ होतात."

"मला शिकवता होय? दुसरा पाय बघा. वाकतोय की."

दुसरा पाय मी पाहिला नाही. तीन वाजता ते टेबल पोलिसांच्या डॉक्टरला हवं होतं. उघडल्यावर कूर्चेचा रंग पिवळट वाटला, कडेला किंचित खरबरीत. वीज गेली होती, कंदिलाच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं.

गुरुवार, १९ जानेवारी

बारा: ०.१२, ०.३०, शेवटी खड्डा ०.०२.
तेरा: ०.११, ०.२८, शेवटी ०.०१.

इतके सुंदर आकडे दोन वर्षांत आले नव्हते. काटा एका जागी थांबतो आणि मग अगदी हळू सरकतो. ते बघत बसावंसं वाटतं. खिडकीची काच अश्रुधुराच्या नळकांड्याने फुटली तेव्हा तेराचं नववं मिनिट चालू होतं. तोंडाला ओला रुमाल बांधून पंधरावं मिनिट घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आकडा वाचता आला.

चौदा: ०.२९, ०.६१, शेवटी ०.२४.

हे शक्य नाही. सव्वीस वर्षांच्या माणसाचा हा आकडा नव्हे, साठीच्या बाईचा आहे. रस्त्यावरून लष्करी लॉऱ्या जातात, टेबल हलतं. डायलचा शून्य सरकला असणार.

संध्याकाळी चार वाजता पोलिसांनी चौदाचं प्रेत घरच्यांना दिलं. चार माणसं, वीस मिनिटं, आणि पोलिसांच्या पहाऱ्यात थेट पुरायला न्यायचं. आंघोळ शवागारामागच्या अंगणातच घातली. मी वरून पाहत होतो. एका बाईने पोरासारखं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि लोट्याने पाणी घातलं. पाठीचं भोक तिने बोटाने धुतलं. मग खाली सरकून उजव्या गुडघ्यापाशी थांबली. टाक्यांवरून हात फिरवला. एकेक टाका मोजल्यासारखा. कुशाबाला काहीतरी विचारलं.

कुशाबा वर आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणत होती?

"म्हणाली, हे काय? म्हटलं, डॉक्टरांनी पाय वाचवायची खटपट केली, बाई. मग पाया पडली."

"कोणाच्या?"

"माझ्या. तुम्ही वर होतात ना."

शनिवार, २१ जानेवारी

चौदा पुन्हा दोनदा घेतला. ०.३०, ०.६२. ०.२९, ०.६०. शून्य जागेवर आहे. बाराचा तुकडा मध्ये ठेवून यंत्र तपासलं, तो ०.१२ देतो.

म्हणजे दोष नमुन्यात. बुधवारी मिठाचं पाणी संपलं होतं, चौदा तीनेक तास नुसत्या ओल्या कापडात होता. कोरडा पडला असणार. कोरडी कूर्चा उलट कडक होते हे मला माहीत आहे. तरी काहीतरी झालं असणार.

डॉक्टरांना दाखवलं. ते उभ्या उभ्या जेवत होते, दोन दिवस झोपलेले नाहीत. "वय किती?"

"सव्वीस."

"मग निरोगी. तुझं माप चुकलंय. चौदा वगळलास तर निरोगी चारच उरतात. बघ काय ते."

मी पाहिलं. प्रयोगवहीत चौदाच्या आकड्यांवर रेघ मारली आणि त्यांच्या वर बारा आणि तेराची सरासरी लिहिली. दोघेही त्याच वयाचे, त्याच आठवड्यातले. माझ्या मते तो फार मोठा गुन्हा नाही. लिहिताना टाकाचं टोक मात्र वाकलं.

रविवार, २२ जानेवारी

सहा दिवसांनी घरी. परळहून गिरगाव चालत. लालबागला रस्त्यात वाळू टाकून रक्त झाकलं आहे, ती वाळू चपलांना चिकटते. एका वळणावर पोलिसांनी हात वर करायला लावले. पास दाखवला. शिपायाने तो उलटा धरून वाचला आणि काठी माझ्या पोटरीवर मारली. नुसतीच, जाता जाता.

आई एकटीच होती. तिचे गुडघे तीन वर्षांपासून गेलेत. जिना उतरत नाही. समोरच्या ललिताने सहा दिवस पाणी भरून दिलं. आई स्टुलावर बसून भाकरी थापत होती, कारण उभं राहवत नाही.

"किती मेले रे?"

"आमच्याकडे आले तेवढे मला ठाऊक."

"आणि तू काय करत होतास?"

सांगितलं. बारा, तेरा, चौदा. ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. करपली.

"त्यांच्या आयांना विचारलंस?"

"संचारबंदी होती, आई."

"मग कळवलंस?"

मी करपलेली भाकरी ताटात घेतली. जेवताना ती म्हणाली, "दोन वर्षं गुडघे मोजतोयस. माझ्याला कधी हात लावला नाहीस." मी म्हणालो की जिवंत माणसाची कूर्चा मोजता येत नाही. ते खरं आहे.

बुधवार, २५ जानेवारी

ती बाई आली. नाव बकुळाबाई. पन्नाशीची, उंच, लुगड्याला बाभळीच्या काट्याने फाटल्यासारखी भोकं. कुशाबा तिला माझ्या खोलीपर्यंत घेऊन आला आणि दारातच थांबला.

"तुमीच टाकं घातलंत न्हवं, भाऊ?"

मी हो म्हणालो.

"मग तुमीच सांगा. तुमी आतून बघितलाय त्याचा गुडघा."

ती खुर्चीवर बसेना. उभ्याने बोलली. भिवा तिचा थोरला. चार वर्षांपूर्वी मिलमध्ये यंत्राच्या पट्ट्यात त्याचा पाय गेला. हाड मोडलं. गावच्या हाडवैद्याने बांधलं, ते वाकडं जुळलं. पुढे गुडघा सुजत गेला, आखडत गेला. मिलने काढलं. खोलीत बसून तो विड्या वळायचा. संडासला जायलाही धाकट्याचा, बुधाजीचा, खांदा धरून जायचा. "जिना उतराया त्याला पाव तास लागं. पोरं हसायची, भिवादादाची मिरवणूक निघाली म्हणून. तो बी हसायचा."

अठराला गोळीबार सुरू झाला तेव्हा तो खाली नळावर होता. सगळे पळाले. त्याला पळता आलं नाही. बुधाजी त्याला उचलायला परत फिरला.

"आनि पोलीस म्हनतात, दोघं भाऊ गोदामाची भिंत चढत होते. हातात पेटते बोळे. एक चढताना पाठीत गोळी लागून पडला, दुसरा धरला. सात फुटाची भिंत, भाऊ! माझा भिवा उंबरा चढत नव्हता."

बुधाजी कोठडीत आहे. जाळपोळ, पोलिसांवर हल्ला. दहा वर्षं जाईल असं वकील म्हणतो. पोलिसांची गोष्ट दोघांची मिळून एकच आहे. भिवा भिंत चढला नाही असं दाखवता आलं तर बुधाजीही चढला नाही. पण भिवाचा पाय वाईट होता याला कागद नाही. हाडवैद्य कागद देत नाहीत. मिलच्या दप्तरात त्याने 'स्वखुशीने' नोकरी सोडली आहे.

"चाळीतली शंभर माणसं सांगतील," मी म्हणालो.

"चाळीचं कोन ऐकतंय? चाळच आरोपी हाय."

मी तिला शुक्रवारी यायला सांगितलं. ती गेल्यावर प्रयोगवही काढली. रेघेखालचे आकडे वाचता येतात: ०.२९, ०.६१, ०.२४.

मला आनंद झाला. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. यंत्रात दोष नव्हता. माप तिन्ही वेळा बरोबर होतं. मोडलेल्या, वाकड्या जुळलेल्या गुडघ्यात सव्विसाव्या वर्षीही साठीची कूर्चा असते, आणि माझ्या कांडीने ते नाव-गाव न विचारता ओळखलं. पाच मिनिटं मी खोलीत येरझारा घालत होतो. मग कुशाबा अजून दारात उभा आहे हे दिसलं.

"काय झालं साहेब? हसताय?"

गुरुवार, २६ जानेवारी

प्रजासत्ताक दिन. चाळींच्या कठड्यांवर काळी निशाणं. आज मोजमाप नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावलं.

"ती बाई काय मागते आहे? पायाचा दाखला. तो देण्यासाठी तुला सांगावं लागेल की गुडघा तुझ्याजवळ आहे. कसा आला? घरच्यांना न विचारता. मग त्या चाळीतली दोन हजार माणसं इथे येतील. शवागार जाळतील. कुशाबाला आत टाकून जाळतील. वर वॉर्डात दीडशे रोगी आहेत, त्यांचं काय करू?"

ते खोटं बोलत नव्हते. मंगळवारी त्यांच्या डोळ्यांदेखत रुग्णवाहिकेवर दगड पडले, चालकाचा डोळा गेला. तो डोळा त्यांनीच काढला.

"चौदा रद्द," ते म्हणाले. "बरणी भट्टीत. वहीतलं पान फाड. परिषदेत चार निरोगी वाचू."

"आणि तिचा धाकटा?"

"मी अस्थिशल्यचिकित्सक आहे, पाटकर. मी एका वेळी एकच पाय वाचवतो."

बकुळाबाईला मी दुपारी सांगितलं की अजून कागद तयार नाही. तिने येताना चार केळी आणली होती. ती टेबलावर ठेवून गेली.

शनिवार, २८ जानेवारी

भट्टीत जाण्याआधी बरणी काढून घ्यायला खाली गेलो तर चौदाची जागा रिकामी. भट्टी पेटलेली. मी कुशाबाचा दंड धरला. माझ्या आवाजाने बाहेरचा शिपाई आत आला.

शिपाई गेल्यावर कुशाबाने माझी बोटं दंडावरून काढली. "सोडा. दुखतंय. नोंदीत लिहिलंय, चौदा नंबरची बरणी फुटली, तुकडे भट्टीत. भट्टीत दहाव्या नंबरचा म्हातारा टाकला. त्याला कोणी विचारणारं नाही." मग पिंपामागून गोणपाटात गुंडाळलेली बरणी काढली. "घरी न्या. इथं ठेवू नका. आणि मी दिली असं कुठं बोललात तर मीच तुमचे गुडघे काढीन, आणि टाके घालणार नाही."

बरणी टिफिनच्या पिशवीत घालून गिरगावला आणली. फॉर्मलिनचा वास खोलीभर. आई म्हणाली, "काय आहे?" मी सांगितलं. तिने पिठाचा डबा खाली उतरवायला लावला आणि बरणी त्या फळीवर ठेवायला सांगितली.

"चाळीत कोणाला बोलू नकोस. पण त्याच्या आईला सांग. आजच सांग."

आज सांगितलं नाही.

मंगळवार, ३१ जानेवारी

बुधाजीचे वकील गुप्ते दादरला राहतात. आंदोलनातले खटले फुकट चालवतात, घरभर माणसं, पायऱ्यांवर बायका बसलेल्या. त्यांनी प्रयोगवही उघडली आणि पहिल्यांदा खाडाखोडच पाहिली.

"हे काय?"

"मी बदललं."

"का?"

सांगितलं. त्यांनी वही मिटली. "सरकारी वकील हे पान दाखवून तुमची सालं काढील. तरी याल?"

"बरणीत कूर्चा आहे. पुन्हा तपासता येईल. डोळ्यांनीही दिसते, पिवळी पडली आहे, कडेला खरबरीत झाली आहे."

"तुमची नोकरी जाईल."

"हो."

"साक्ष आठ तारखेला. आणि एक. त्या बाईला हे कोर्टात पहिल्यांदा ऐकू देऊ नका."

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

रिमांडला बुधाजीला पाहिलं. दोन शिपायांनी उचलून आणला. तळपायांवर मारलंय, टेकवत नव्हता. एक कान फुटून त्यातून पू येत होता. वय बावीस. बकुळाबाईने गर्दीतून हाक मारली तर त्याचा फुटलेला कानच तिच्या बाजूला होता, त्याला ऐकू आलं नाही. मग दुसरीकडून हाक मारली.

बाहेर तिने मला ओळखलं. "आलात, भाऊ," म्हणाली. मी सांगणार होतो. तिच्याबरोबर रामजी म्हणून चाळ कमिटीचा माणूस होता, त्याने माझा हात हातात घेऊन जोराने दाबला. "डॉक्टर लोकांत एक तरी मर्द निघाला." मी सांगितलं नाही.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

संध्याकाळचे सहा. उजव्या हाताने लिहितो आहे, डावा उचलवत नाही.

दुपारी दोन वाजता डिलाईल रोडच्या चाळीत गेलो. तिसरा मजला. खोलीत बकुळाबाई आणि शेजारची मालन तांदूळ निवडत होत्या. रामजी कठड्याला टेकून पेपर वाचत होता. मला पाहून मालनने पाट दिला.

मी बसलो नाही. म्हणालो, टाके मी घातले, पण उपचारासाठी नाही. तो मेल्यावर घातले. गुडघा मी काढून घेतला आहे.

बकुळाबाईला कळलं नाही. "काढून म्हंजे?"

"आत आता गुडघा नाही. वाटी आणि हाडाचं टोक माझ्याजवळ आहे. मोजण्यासाठी घेतलं होतं."

"मग आत काय हाय? हाताला लागलं मला."

"लाकूड."

"कसलं?"

मी म्हणालो, देवदार. खोक्याचं असतं तसलं. तिने विचारलं म्हणून सांगितलं.

तिने सूप खाली ठेवलं. "खोक्याचं लाकूड घालून पुरला मी त्याला," ती म्हणाली. मोठ्याने नाही. "तुमच्या त्या मानसाच्या मी पाया पडले."

रामजीने पहिला फटका कानाखाली मारला. मी कठड्यावर आपटलो. कडेच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली, कोणी काय झालं विचारलं, रामजी ओरडला, "भिवाचा पाय कापून नेला यानं! प्रेताचा!" मग पुष्कळ हात. कोणाच्या तरी हातात मागावरचा धोटा होता, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, तो बरगड्यांत बसला. मी खाली पडलो. कोणी केस धरून तोंड वर केलं, आणि मुठीने दातांवर मारणार इतक्यात बकुळाबाई आली.

मला वाटलं, ती थांबवते आहे.

"तोंडावर मारू नका," ती म्हणाली. "उद्या त्याला कोर्टात बोलायचं हाय."

त्यांनी ऐकलं. तोंडाला परत कोणी हात लावला नाही. बाकी चालू राहिलं. किती वेळ ते सांगता येत नाही. घड्याळ फुटलं. ती दारात उभी राहून पाहत होती, आणि मी तिच्याकडे पाहत होतो, कारण दुसरीकडे पाहिलं की लाथ कुठून येते ते दिसत होतं.

मग ती म्हणाली, "बास."

मालनने तांब्याभर पाणी आणलं, पण मला दिलं नाही. बकुळाबाईच्या हातात दिलं. तिने ते माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"कुठं हाय तो?"

"माझ्या घरी. बरणीत."

"घरी कोन असतं?"

"आई."

"तिला ठाऊक हाय?"

"हो."

 रामजी म्हणाला, मावशी, आत्ताच्या आत्ता जाऊन आणतो, रात्रीच्या आत त्याच्याशेजारी पुरू. ती म्हणाली, "आनि बुधाजी?" रामजी मागे सरकला. "मेलेला थांबंल," ती म्हणाली. मग मला, "उद्या ती घेऊन ये. येशील न्हवं?"

पहिल्यांदा एकेरीत बोलली.

जिना उतरायला मला पाव तासापेक्षा जास्त लागला. वर कठड्यावर सगळे उभे होते. कोणी हसलं नाही.

घरी आईने पाठ शेकली. दोन बरगड्या तरी मोडल्यात. मी तिला म्हणालो, मी खरं सांगायला गेलो होतो. ती म्हणाली, "वीस दिवस उशिरा." मग बरणी खाली काढून, पुसून, पिशवीत घातली. पाणी कमी झालं होतं, ते भरायला सांगितलं. मी भरलं.

बुधवार, ८ फेब्रुवारी

सकाळी अकरा वाजता साक्ष झाली. मॅजिस्ट्रेटनी बरणी उजेडात धरायला सांगितली, आणि लगेच खाली ठेवायला सांगितली. सरकारी वकिलांनी प्रयोगवहीतली खाडाखोड दाखवून विचारलं, यातला कोणता आकडा खरा. मी म्हणालो, खालचा खरा. वरचा मी बनवलेला आहे. कशासाठी, असं विचारलं. मी म्हणालो, मला तो माणूस निरोगी हवा होता. बुधाजीला जातमुचलक्यावर सोडलं. रामजीने आणि आणखी एकाने त्याला धरून पायऱ्या उतरवल्या. कोर्टाने बरणी ठेवून घेतली नाही. बकुळाबाईने ती टेबलावरून उचलली, पदराखाली घेतली आणि त्यांच्या मागून गेली.